आवाज बाहेर जाता कामा नये

२ फेब्रुवारी, सोमवार

आमची ही गेली तेव्हा लेकीने मला ही वही दिली होती. "बाबा, कुणाशी बोलत नाहीस, निदान लिहीत तरी जा." दीड वर्ष मी तिच्यात गिऱ्हाइकांच्या सोफ्यांची मापं लिहिली. आज मात्र खरंच लिहायला बसलोय, कारण बोलायला गेलो तर तोंडातून शिव्याच येतील.

दुकानाखालचं तळघर कुणीतरी भाड्याने घेतलंय. गोदाम करणार असतील म्हणून मी गप्प होतो. काल रविवारी संध्याकाळी सहाला खाली जे सुरू झालं त्याने माझ्या डब्यातले खिळे नाचायला लागले. धडाम धडाम ड्रम, त्यावर गिटार, आणि त्यावर एक मुलगी जीव खाऊन ओरडतेय. एक शब्द कळला असेल तर शपथ. चांगला दीड तास. चाळीस वर्षं सोफे शिवतोय मी. या कामात हाताला डोळे लागतात आणि कानाला शांतता लागते. एक टाका चुकला की सबंध पाठ उसवावी लागते.

दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर जिन्यात भेटले. त्यांना अर्ज लिहायला निमित्तच हवं असतं. "आपण दोघं सह्या करू," म्हणाले. मी म्हटलं, सर, आधी मी जाऊन झापतो, मग तुमचा कागद.

८ फेब्रुवारी, रविवार

झापायला गेलो आणि दोन तासांनी वर आलो. काय झालं ते नीट लिहितो.

गल्लीच्या बाजूला एक दार आहे, तिथून नऊ पायऱ्या खाली, मग छोटी मोकळी जागा, मग आतलं दार. खाली पंचवीस-तीस माणसं उभी. एक मुलगी येणाऱ्याच्या मनगटावर शिक्का मारत होती. मी तोंड उघडायच्या आत तिने माझाही हात धरला, शिक्का मारला आणि म्हणाली, "काका, तुम्हाला खुर्ची देते." खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, आतला फोम भुगा झालेला. झापायच्या ऐवजी मी तेच बघत बसलो. आपला धंदाच तसला.

मग तीच मुलगी माइकसमोर जाऊन उभी राहिली. जवळून ऐकलं तर शब्द कळतात. ती दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, आणि गाणंही त्यावरच. ‘मूठ वळा, मूठ सोडा, इकडे नका बघू.’ दिवसभर हेच बोलते म्हणे, शंभर वेळा. गाण्यात आधी लोक हसले. मग तिने तेच हळू म्हटलं, पुन्हा पुन्हा, आणि ड्रम थांबला.

आमच्या हिच्या शेवटच्या चार महिन्यांत हातावर सुई टोचायला जागा उरली नव्हती. अशीच कुणीतरी मुलगी यायची, हेच शब्द म्हणायची, आणि मी खरंच दुसरीकडे बघायचो. आज मी रडलो. कुणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

गिटारवाला गणिताच्या शिकवण्या घेतो, ड्रमवाला कुरिअर पोचवतो. तिघांच्या बँडचं नाव ‘दमट’. असलं नाव ठेवतात का कुणी? पण तळघराला शोभतं.

हेडमास्तरांनी विचारलं, "दिलात का दम?" मी म्हटलं, हो, दिला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

फाटकी खुर्ची वर आणून नवी करून दिली. रक्तवाली म्हणाली, "काका, आता कुणी उभं राहणार नाही, हिच्यासाठी मारामाऱ्या होतील." वर मलाच दटावलं की एकच बँड ऐकून मत बनवायचं नाही, आमच्याबरोबर चला. काल कुरिअरवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये गेलो. टायरांवर बसून ऐकायचं! ‘ओला टॉवेल’ नावाचा बँड, चौघंही एकाच बँकेत कारकून. त्यांचं निम्मं ऐकून मी उठलो. मला नाही आवडलं, तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी मला दुसऱ्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. विचित्र जमात आहे.

या शहरात मी जन्म काढला. लाँड्रीत, छापखान्याच्या गच्चीवर, जुन्या पुस्तकांच्या दुकानात दर आठवड्याला कुणी ना कुणी स्वतःचं गाणं गात असतं, वीस माणसं ऐकतात आणि घरी जातात. मला सांगायला कुणी नव्हतं हे खरं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. उत्साहाने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी गाण्याचा सराव करायचे तेव्हा तू माझ्या खोलीच्या दारावर गोधडी ठोकली होतीस. खिळ्यांनी." मी म्हटलं, अगं, तेव्हा ऑर्डरी किती होत्या, आणि घर केवढंसं. "हो ना," म्हणाली आणि फोन ठेवला. तिला कामाचं टेन्शन असणार. आवाज थकलेला वाटला.

४ मार्च, बुधवार

घोळ झाला. हेडमास्तरांनी एकट्यानेच अर्ज दिला. इमारतीचा मालक येऊन तिघांना सांगून गेला की यापुढे एक तक्रार आली तर तळघराला कुलूप.

रक्तवाली पायरीवर बसून होती. मग सांगायला लागली. तिच्या घरी फक्त आई. वडील पूर्वी वाद्यवृंदात वाजवायचे, ते घर सोडून गेले, त्यामुळे आईला गाणं म्हटलं की तिडीक. मुलगी लॅबमध्ये दुसरी पाळी करते असं आईला वाटतं. "काका, हे गेलं तर मला गायला जागाच नाही. घरी मी गुणगुणतसुद्धा नाही." मग हसून म्हणाली, "बाथरूममध्येही नाही हो."

मी म्हटलं, रडतेस काय? आवाज बाहेर जाता कामा नये, एवढंच ना? मग माझ्याहून शहाणा माणूस तुला या शहरात मिळणार नाही. जन्मभर दुसरं काय केलंय मी!

१३ मार्च, शुक्रवार

नऊ दिवस दुकानाची कामं बाजूला टाकली. भिंतींना आणि छताला फोम, त्यावर जाड कापड, वीतवीत अंतरावर बटण. आतल्या दाराला दोन्ही बाजूंनी गादी. रस्त्याच्या पातळीला जाळीची खिडकी होती, सगळा आवाज तिथून सांडायचा. तिच्यात मापाची गादी बसवली, इतकी चपखल की सुरीचं टोक जाणार नाही. पंख्याचं भोकही तसंच बुजवलं.

मग कुरिअरवाल्याला आत ड्रम बडवायला बसवलं आणि गल्लीत उभा राहिलो. काही नाही. भिंतीला कान लावला, तरी नाही. चाळीस वर्षांत असं काम हातून झालं नव्हतं. रक्तवालीने मला मिठीच मारली. पोरीला म्हटलं, अगं, कपड्यांना फोमचा भुगा आहे, सोड.

"जरा कोंदट होतंय," गणितवाला म्हणाला. त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी उणं काढायची सवय आहे. बँडचं नाव दमट ठेवायचं आणि कोंदट झालं म्हणून रडायचं!

१८ मार्च, बुधवार

केबल बदलायचं काम निघालंय, महिनाभर रोज बारा ते पाच वीज बंद. माझं पायाचं मशीन आहे, मला काय फरक पडतो? पण यांचं अडलं. पुढच्या बुधवारी तीन गाणी रेकॉर्ड करायची आहेत, तिघांनाही सलग चार-पाच तास फक्त बुधवारी दुपारीच मिळतात. कुरिअरवाल्याने कुठून तरी छोटा जनरेटर आणला. गल्लीत ठेवून सुरू केला आणि पाचव्या मिनिटाला हेडमास्तर गॅलरीत. मी वर जाऊन हातापाया पडलो. "ही शेवटची वेळ," म्हणाले. त्यांच्या आरामखुर्चीची गादी फुकट शिवून देतो असं कबूल करून आलो.

तेव्हा जनरेटर पायऱ्यांखालच्या मोकळ्या जागेत ठेवला आणि गल्लीचं दार लावून घेतलं. गणितवाल्याने विचारलं, "काका, धूर?" मी म्हटलं, गल्लीच्या दाराखाली चार बोटं फट आहे, जाईल तिथून. आणि आतलं दार तर मी शिवलंय, तुमच्याकडे कशाला येतोय? त्याने मान डोलावली. आज तासभर सराव केला, वर गल्लीत थोडी घरघर येते तेवढीच.

२० मार्च, शुक्रवार

काल पुन्हा सराव झाला. कुरिअरवाला वर येऊन गटारात ओकला. रस्त्यावरचं खातात, दुसरं काय होणार? रक्तवालीचंही डोकं ठणकत होतं. म्हणाली, "माझंच रक्त काढून बघते उद्या, हिमोग्लोबिन उतरलं असेल." मी चांगलं सुनावलं, वेळेवर जेवत जा.

माझं डोकंही दिवसभर जड आहे. नवीन रेक्झिनचा वास.

२४ मार्च, मंगळवार

उद्या रेकॉर्डिंग. ती घरघर माझ्या मनातून जाईना. हेडमास्तर तक्रारीला टपलेलेच आहेत, आणि उद्याच त्यांनी घोळ घातला तर पोरीचं सगळंच गेलं. म्हणून संध्याकाळी बसून दाराच्या मापाचा लांबोळका लोड शिवला. आत चिंध्या ठासून भरल्या. दाराखालच्या फटीत बाहेरून दाबून बसवला. कुरिअरवाल्याला पाच मिनिटं जनरेटर चालू करायला सांगितला. गल्लीत चिडीचूप.

त्यांचा एक दंडक आहे. रेकॉर्डिंग चालू असलं की गल्लीच्या दाराच्या कडीला लाल फडकं बांधायचं. फडकं असेपर्यंत दार उघडायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. मागे एकदा कुणीतरी मध्येच दार उघडलं आणि चार तासांची मेहनत पाण्यात गेली होती. रक्तवालीने मला बजावलं, "काका, चहासुद्धा नाही." मी म्हटलं, बाई, मी बाहेर राखण करतो, कुत्रंही फिरकू देणार नाही.

२५ मार्च, बुधवार, दुपारी साडेतीन

साडेबाराला तिघं आत गेले. जाताना तिने वर बघून हात केला. आज तिने इस्त्रीचा सदरा घातला होता. म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये कुणाला दिसणार आहे? "मला दिसतो ना," म्हणाली. दार लावल्यावर मी लोड बसवला.

तीन तास झाले. मी त्यांच्या डोक्यावर बसून हेडमास्तरांची गादी शिवतोय, आणि खाली ड्रम आहे हे सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. पूर्वी इथे डब्यातले खिळे नाचत होते! हेडमास्तर मघाशी खाली आले, कान टवकारून गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "आज नाहीत वाटतं?" मी म्हटलं, नसतील. असं हसू आलं मला.

फडकं अजून आहे. पोरं चिकाटीची आहेत. थर्मासमध्ये चहा भरून ठेवलाय, फडकं निघालं की नेतो.

३ एप्रिल, शुक्रवार

त्या बुधवारी पाचला वीज आली. सव्वापाचपर्यंत वाट बघितली. जनरेटर आता कशाला हवा, असं वाटून लोड काढला आणि दार उघडलं. धूर तोंडावर आला. जनरेटर बंद पडलेला होता. आतलं दार ढकललं तर ते उघडेना, कारण आतून कुरिअरवाला त्याला टेकून पडला होता. कसं उघडलं ते आठवत नाही. रक्तवाली माइकपाशी होती. मी बुजवलेल्या खिडकीखाली गणितवाला होता. गादीच्या कडेची शिवण त्याने नखांनी उसवली होती. वीतभर.

गणितवाला आणि रक्तवाली गेले. कुरिअरवाला जिवंत आहे. डॉक्टर म्हणाले की त्या धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास, आधी डोकं दुखतं, मळमळतं आणि मग हातपाय उचलतच नाहीत. मी विचारलं, ओरडले असतील का? ते म्हणाले, सुरुवातीला ओरडले असतील.

७ एप्रिल, मंगळवार

पोलीस दोनदा येऊन गेले. सगळ्यांचा समज असा आहे की पोरांनी मूर्खपणा केला. हेडमास्तरांनी जबाब दिला की मुलं बेशिस्त होती, वारंवार सांगूनही ऐकत नव्हती. मला विचारलं, किती वाजता दार उघडलं? सांगितलं. त्याआधी काही वास आला होता का? नाही म्हटलं. जेवढं विचारलं तेवढं खरं सांगितलं. खिडकी कुणी बुजवली, हे मला कुणी विचारलंच नाही.

तो लोड माझ्या माळ्यावर आहे. दार उघडताना हातात होता, धावपळीत तसाच वर आला असेल. पंचनाम्यात लिहिलंय, दाराखाली चार बोटं फट.

९ एप्रिल, गुरुवार

कुरिअरवाल्याला भेटायला गेलो. उजवा हात अजून थरथरतो, बोलताना शब्द शोधावे लागतात. नर्स बाहेर गेल्यावर म्हणाला, "काका, मी सांगितलंय... फोम आम्हीच लावला. खिडकी पण. तुम्ही... काळजी करू नका." मी म्हटलं, बरं. बरं म्हटलं मी! त्याच्यावर आता हलगर्जीपणाचा गुन्हा लागणार आहे, हे मला बाहेर आल्यावर त्याच्या भावाकडून कळलं.

लेक आली आहे, दोन-तीन दिवस राहील. तिला काही सांगितलं नाही. ती पडल्या पडल्या म्हणाली, "बाबा, तू त्यांच्यासाठी खूप केलंस ना." खूप केलं. झोप नाही.

मी स्वतःला सांगतोय की माझं वय झालंय, मला या वायूचं काय ठाऊक. पण गणितवाल्याने विचारलं होतं. "काका, धूर?" एवढंच विचारलं होतं, आणि मी त्याला उडवून लावलं. मला धुराची भीतीच नव्हती. मला हेडमास्तरांची भीती होती.

१४ एप्रिल, मंगळवार

लेक परवा गेली. आज सकाळी दुकान उघडत होतो तर दारात एक बाई. हातात पिशवी, पायांत कापडी बूट. "ते तळघर इथंच का?" मी ओळखलं. जिवणी तशीच होती.

तळघराला पोलिसांचं सील आहे. तिला दुकानात बसवलं. पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. म्हणाली, "लॅबमधल्या मुली सांगत होत्या, फार छान गायची. मी कधी ऐकलं नाही. मला वाटायचं दुसऱ्या पाळीला जाते. मी डबा देत होते हो तिला, दुसऱ्या पाळीचा." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही ऐकलंय ना? कशी गायची?"

मी सांगायला लागलो. पहिल्या दिवशी मी झापायला गेलो होतो, तिने मला खुर्ची दिली, तिच्या गाण्याने मी रडलो. ती बाई ऐकत होती, चेहरा थोडा सैल झाला होता. तिथेच थांबलो असतो तर ती आभार मानून गेली असती. मला ते आभार नको झाले.

म्हटलं, "ताई, ती खिडकी मी बुजवली. फोम मी लावला. दाराखालची फटसुद्धा मीच बंद केली, त्याच दुपारी."

तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"इथेच. या स्टुलावर."

"तिने हाका मारल्या असतील?"

"मारल्या असतील. ऐकू येत नव्हतं."

"पोलिसांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंत?" तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "मी काय करू त्याचं? माफ करू? घरी घेऊन जाऊ? तो ड्रमवाला मुलगा तुमचं पाप अंगावर घेऊन पडलाय आणि तुम्ही मला पाणी पाजताय?"

मी म्हटलं, उद्या जातो चौकीत. माळ्यावरून लोड काढून तिच्यासमोर ठेवला. तिने त्याला हात लावला नाही, नुसतं बघितलं. टाके मोजत होती की काय, कोण जाणे. मग उठली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"चौकी किती वाजता उघडी असते?"

"साहेब दहाला येतात."

"मी येते बरोबर," ती म्हणाली. "तुमचा मला भरवसा नाही. तुम्ही वाटेतून परत फिराल."

मी नाही म्हणालो नाही, कारण फिरलो असतो. कालपर्यंत रोज तेच केलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. लोड कागदात गुंडाळून दाराशी ठेवलाय. ती पावणेदहाला येणार आहे.